ज्याला मी खबऱ्या ठरवलं

गंगाराम जाधव पोलिसांचा खबऱ्या नव्हता. तो खबऱ्या आहे ही अफवा मी उठवली. ती खोटी आहे हे मला तीन आठवड्यांत कळलं, आणि त्यानंतर चार वर्षं मी गप्प बसलो. अफवा उठवली ती माझी चूक होती. गप्प बसलो त्याला चूक म्हणायची मला लाज वाटते.

आता मी पन्नाशीला आलो आहे. गेलेल्या माणसांबद्दल लिहिताना लोक आपल्याला त्यांचा किती लळा होता ते सांगतात. मला तसं सांगता येणार नाही. गंगारामला मी आवडत नव्हतो आणि मलाही तो आवडत नव्हता. आमच्यात गोडवा असा कधी नव्हताच, तेव्हा तो पुढे कुणी शोधू नये.

लालबागच्या मागच्या गल्लीत दळवी शेठची पत्र्याची शेड होती. तिथे मोटरसायकली दुरुस्त होत. गंगाराम तिथला मोठा मिस्त्री. ठेंगणा, खांदे रुंद, अंगात निळा डगला, आणि त्याचं गळ्याजवळचं बटण मे महिन्यातही लावलेलं. दुपारी एक वाजला की हातातलं काम तिथेच ठेवायचा, रॉकेल आणि ब्रश घेऊन नखं घासायचा आणि मग डबा उघडायचा. कितीही मोठं गिऱ्हाईक दारात उभं असलं तरी नखं घासून झाल्याशिवाय मान वर करायचा नाही. शेडच्या आतल्या पत्र्यावर त्याने खडूने दोन रकाने आखले होते. एकावर लिहिलं होतं ‘गाडी’, दुसऱ्यावर ‘मालक’. दुरुस्तीला आलेल्या प्रत्येक गाडीचा दोष सापडला की ज्याचा असेल त्याच्या रकान्यात एक रेघ. मालकाचा रकाना नेहमी लांब असे. गिऱ्हाइकांना ते खटकायचं. दळवी शेठ दर पावसाळ्याआधी पत्रा रंगवून घ्यायचे आणि गंगाराम रंग वाळला की पुन्हा रकाने आखायचा.

माझ्याकडे दुसऱ्या महायुद्धानंतरच्या सरकारी लिलावातली एक लष्करी मोटरसायकल होती, हिरव्या रंगाची. मी औषधांच्या एका कंपनीत होतो. नमुन्यांची बॅग घेऊन शीवपासून कुलाब्यापर्यंत डॉक्टरांच्या दारात हिंडायचं, हे काम. राहायला गिरगावात. घर तीन पिढ्यांचं, आजोबा सरकारी कचेरीत हेडक्लार्क होते, आणि हे सगळं माझ्या चालण्याबोलण्यात दिसत असावं.

पहिल्या दिवशी मी गाडीवरूनच ओरडलो, “ए मिस्त्री, जरा बघ रे, क्लच जड झालाय.”

त्याने बघितलं नाही. मी पुन्हा हाक मारली. तेव्हा आतून दळवी शेठ म्हणाले, “त्याला ऐकू येतं साहेब. पण अरे-तुरेला त्याचे कान बंद असतात.”

मी हसलो. गंगारामने तेव्हा मान वर केली. “तुमची-माझी शाळा एक होती?”

“नाही.”

“मग हा ‘रे’ कुठला?”

त्याला ‘अहो’ म्हणणं माझ्या जिवावर आलं, आणि ‘अरे’ तो घेईना. म्हणून मी त्याच्याशी ‘गाडी बघायची आहे’, ‘कधी मिळेल?’ असं बोलू लागलो. माणसाला वगळून फक्त कामाशी बोलायचं. त्याच्या ते लक्षात आलं होतं. एकदा त्याने विचारलंच, “मी समोर आहे ना? की गाडीशी बोलताय?”

चहाचंही तसंच. शेडमध्ये कोपऱ्यावरच्या हॉटेलातून चहा यायचा. एकदा मी त्याच्यासाठीही मागवला. त्याने हात लावला नाही.

“घ्यायचा की,” मी म्हटलं.

“तुमच्या गिरगावात माझ्या बापाला मागच्या दाराशी बसवून करवंटीत चहा दिलाय. मी माझा माझा पितो.”

“तो काही मी नव्हतो.”

“मी कुठे तुमचं नाव घेतलं? तुम्हाला का लागलं?”

मला लागलं होतं, हे खरं. मी तो कप तसाच ठेवून निघालो. असल्या माणसाकडे पुन्हा यायचं नाही असं ठरवलं आणि आठवड्याने पुन्हा गेलो, कारण परळपासून दादरपर्यंत त्याच्यासारखा हात दुसऱ्या कुणाचा नव्हता.

तो हात कसा होता ते सांगायला हवं. दादरचे एक डॉक्टर होते. त्यांच्या गाडीचा क्लच दाबला की लिव्हर हँडललाच चिकटून राहायची, परत यायची नाही. दुसऱ्या एका मिस्त्रीने सगळा क्लच उघडून आतल्या चकत्या बदलल्या होत्या. तरी लिव्हर तशीच. गंगारामने खालच्या टोकाची तार सोडवली. मग नुसती लिव्हर हलवून पाहिली. ती सैल, मोकळी. मग तार हाताने मागेपुढे ओढली. ती मध्येच अडत होती. वरच्या वेढ्यात तिला पीळ पडला होता.

“डॉक्टर,” तो म्हणाला, “पायात काटा रुतला तर तुम्ही पेशंटचं पोट फाडता काय?”

डॉक्टर बिचारे ओशाळून म्हणाले, “मला वाटलं, लिव्हरची स्प्रिंग गेली असेल.”

“लिव्हरमध्ये स्प्रिंग नसतेच. स्प्रिंगा खाली क्लचच्या पोटात. लिव्हर आपणहून परत येत नाही, तारेने खालून ओढून आणावी लागते. म्हणून आधी लिव्हर बघायची, मग तार, मग खालचा दांडा, आणि पोट सगळ्यात शेवटी.” त्याने तार काढून खिळ्याला उभी टांगली, वरच्या टोकाला सायकलच्या ट्यूबचा तुकडा बांधून त्यात तेल ओतलं. “ठिबकू दे. उद्या या.” आणि मालकाच्या रकान्यात एक रेघ ओढली.

मी त्या वेळी तिथेच स्टुलावर पेपर वाचत बसलो होतो. हे सगळं माझ्या कानावरून गेलं. कानात शिरलं असतं तर पुढचं काही घडलं नसतं.

आणखी एक प्रसंग. एकदा एक फौजदार आला, गाडी घेऊन, वर्दीत. “माझी आधी कर.” गंगाराम म्हणाला, “तुमच्या आधी दोन आहेत.” फौजदाराने आवाज चढवला. गंगारामने त्याला बसायला तेलाचा रिकामा डबा सरकवला, बस्स. फौजदार पाऊण तास त्या डब्यावर बसला. आम्ही दोघेतिघे गिऱ्हाइकं मनातून खूश झालो होतो. पण पुढे वेळ आली तेव्हा या प्रसंगातला पाऊण तास आम्ही विसरलो. फौजदार त्याच्याकडे येतो, एवढंच लक्षात ठेवलं.

छप्पन सालची ती सुरुवात. मुंबई महाराष्ट्राला मिळणार नाही असं झालं आणि शहर पेटलं. ज्यांनी ते दिवस पाहिले त्यांना मी काय सांगणार. गिरगावातल्या एका छापखान्यात पत्रकं निघत आणि ती लालबाग, परळ, दादरला पोचवायचं काम माझ्याकडे होतं. औषधांच्या बॅगेत पत्रकं. माझ्या मागे वसंता बसायचा. तो त्याच छापखान्यात शिशाच्या अक्षरांचे खिळे जुळवायचा, राहायचा लालबागच्या चाळीत. लोक आम्हाला बघून घोषणा द्यायचे. छत्तीस वर्षांच्या आयुष्यात मला बघून कुणी ओरडावं असं मी पहिल्यांदाच काही करत होतो, आणि ते मला चढलं होतं.

एका मोर्चाच्या आदल्या दिवशी मी क्लचची नवी तार टाकून घ्यायला गेलो. गंगारामने तार टाकली, लिव्हर पन्नासदा दाबून सोडली आणि गाडी देताना म्हणाला, “हँडलला काही बांधायचं नाही. तारेला मोकळं राहू द्या.”

सगळ्या स्वयंसेवकांच्या सायकलींना, गाड्यांना तेव्हा हँडलवर झेंडा असे. गर्दी वाट देत असे. मला वाटलं, हा झेंड्याबद्दल बोलतोय. मी म्हटलं, “उद्या झेंडा लागणार.”

“मागे लावा. वसंताच्या हातात द्या. हँडलला नको.”

दुसऱ्या दिवशी दुपारी मी हँडलला डाव्या बाजूने बांबूची काठी उभी केली आणि सुतळीचे सात-आठ वेढे देऊन, दाताने ओढून, गच्च आवळली. काठीबरोबर तारही आवळली गेली. मला ते दिसत होतं. ‘त्याने काय होतंय’, एवढाच विचार केला.

गिरगावातून लालबागपर्यंत गाडी नीट आली. नाक्यावर मोर्चा जमत होता. मी गर्दीतून हँडल पुरतं वळवलं, क्लच दाबला, आणि लिव्हर परत आलीच नाही. इंजिन ओरडतंय, गाडी जागची हलत नाही. मी लिव्हरला बोटं घालून ओढतोय. तेवढ्यात पोलिसांची गाडी आली. गर्दी फुटली. वसंता पत्रकांची बॅग उचलायला वाकला आणि त्याच्या डाव्या मनगटावर लाठी बसली. हाड मोडल्याचा आवाज मी ऐकला. मी पळालो. गाडी, बॅग, पत्रकं, सगळं पोलिसांनी नेलं. वसंतालाही नेलं, चार दिवसांनी सोडलं.

तो सुटून आला त्या संध्याकाळी त्याच्या चाळीच्या अंगणात तीस-चाळीस माणसं जमली. वर गॅलऱ्यांत बायका. वसंताचा हात गळ्यात बांधलेला. कुणीतरी विचारलं, “पण तुमची गाडी बंद कशी काय पडली हो, नेमकी तेव्हाच?”

सगळे माझ्याकडे बघत होते. मी पळालो होतो हे त्यांना माहीत होतं का, हे मला माहीत नव्हतं. मी म्हणालो, “आदल्या दिवशी गाडी गंगारामकडे होती. त्याने लिव्हरची स्प्रिंग काढली असणार. आणि मला म्हणाला, झेंडा बांधू नका.”

“असं म्हणाला?”

“माझ्या तोंडावर म्हणाला.”

“त्याच्याकडे तो फौजदार पण येतो,” एकजण म्हणाला. “म्हणजे मिळालेला आहे त्यांना?”

मी म्हणालो, “मग आणखी काय?”

एवढंच. तीन उत्तरं. दुसऱ्या दिवशी दहा-बाराजण शेडवर गेले, त्यांच्यात मी होतो. गंगाराम नखं घासत होता. त्याने सगळं ऐकून घेतलं.

“गाडी आणा,” तो म्हणाला. “गाडी बघितल्याशिवाय मी बोलत नाही.”

“गाडी तुझ्या बापांनी नेलीय, चौकीत आहे!”

“स्प्रिंग काढली म्हणता? कुठली स्प्रिंग? इथे चार गाड्या उभ्या आहेत. एकीच्या तरी लिव्हरमध्ये मला स्प्रिंग काढून दाखवा.”

कुणी दाखवायला गेलं नाही. मला तेव्हा डॉक्टरांची गाडी आठवली. अगदी तेव्हाच, तिथेच. गंगाराम गर्दी सोडून माझ्याकडे वळला.

“गिरगावकर, हँडलला काय बांधलं होतंत?”

अजून वेळ गेली नव्हती. मी खरं सांगितलं असतं तर फार तर हसं झालं असतं. मी म्हणालो, “झेंडा. तुला त्याचाच राग ना?”

मग कुणाला काही ऐकायचं नव्हतं. एकाने त्याच्या थोबाडीत मारली. दुसऱ्याने त्याची हत्यारांची पेटी गटारात उपडी केली. गंगाराम ओरडला नाही, हात उचलला नाही. डगल्याचं वरचं बटण तुटलं होतं, ते त्याने खाली वाकून शोधलं. दळवी शेठनी दुसऱ्या दिवशी त्याला कामावर येऊ नको म्हणून सांगितलं. “माझी शेड जाळतील रे बाबा,” असं म्हणाले म्हणे.

तीन आठवड्यांनी गाडी सुटली. झेंडा फाटून गेला होता, काठी तशीच होती. लिव्हर हँडलला चिकटलेली. मी ती आमच्या गिरगावच्या मागच्या अंगणात आणली आणि ब्लेडने सुतळी कापली. शेवटचा वेढा सुटला आणि लिव्हर टक्‌ करून परत आली. मी तिथे पायरीवर बसून राहिलो. आईने विचारलं, “चहा घेणार का?” मी नाही म्हटलं.

गप्प का बसलो? वसंताचं मनगट वाकडं जुळलं होतं, त्याला खिळे पूर्वीसारखे जुळवता येत नव्हते. ते माझ्या सुतळीमुळे झालं हे सांगायचं धैर्य नव्हतं. हे अर्धं कारण. उरलेलं अर्धं असं की गंगाराम संशय घ्यायला सोयीचा माणूस होता. तो उर्मट होता, कुणाचा चहा पीत नव्हता आणि जातीने महार होता. मी दळवी शेठचं नाव घेतलं असतं तर अंगणातल्या लोकांनी मला दहा प्रश्न विचारले असते. गंगारामचं घेतलं तर दोनच विचारले, आणि त्यांची उत्तरं प्रश्नांतच होती. त्याच वर्षी त्याने बौद्ध धर्म घेतला, तेव्हा वसंताच चाळीत म्हणाला, “बघा, देवही सोडले. माणसं सोडायला काय वेळ लागतो?” मी शेजारी बसून ऐकत होतो.

साठ साल उजाडलं. महाराष्ट्र होणार हे नक्की झालं. एप्रिलमध्ये मी दळवी शेठकडे गेलो होतो. बोलता बोलता ते म्हणाले, “गंगाराम आता वडाळ्याला असतो. रेल्वे यार्डाजवळ सायकली दुरुस्त करतो. घोडपदेवची खोली सोडली त्याने. मुलीची सोयरीक ठरत आली होती, ती मोडली. मुलाकडच्यांना कुणीतरी सांगितलं, खबऱ्याची पोर म्हणून.”

मी दुसऱ्याच दिवशी वडाळ्याला गेलो. भिंतीला टेकवलेल्या सायकली, वर गोणपाट, खाली गंगाराम. केस पांढरे झाले होते. बटण लावलेलं होतं. शेजारी बाकड्यावर त्याची मुलगी सुमन बसली होती, त्याचा डबा घेऊन आलेली.

“या गिरगावकर,” तो म्हणाला. “कुणाला शोधताय?”

“तुम्हालाच.” मी उभ्याउभ्याच सगळं सांगितलं. सुतळी, तार, अंगणातलं बोलणं, ब्लेड. शेवटी म्हटलं, “मला माफ करा.”

त्याने ट्यूब पाण्यात बुडवून बुडबुडे कुठून येतात ते पाहिलं. “हे मला कशाला सांगता? मी काही काढलं नव्हतं हे मला पहिल्या दिवसापासून ठाऊक आहे. त्यात नवीन काय?”

“तरी पण...”

“तुम्हाला हलकं वाटायला पाहिजे म्हणून इतक्या लांब आलात. वाटलं ना? आता जा.”

मी गेलो नाही. सुमन म्हणाली, “बाबांनाही मुंबईसाठीच्या सत्याग्रहाला जायचं होतं. वस्तीतली तुकडी निघाली तेव्हा यांचं नाव वगळलं. आमच्याच माणसांनी. ते तुम्हाला माहीत आहे का?”

“गप गं,” गंगाराम म्हणाला. मग माझ्याकडे बघून, “जिथे बोललात तिथे बोला. त्याच अंगणात. तीच माणसं जमवा. मी येईन. तुमच्यासाठी नाही, ऐकायला येईन.”

“वसंता...” मी म्हटलं.

“त्याचा हात मोडलाय, त्याला आधी कळायला पाहिजे.”

एक मेची तयारी ठरवायला वसंताच्या चाळीत महिन्याच्या शेवटी सभा होती. पताका, रांगोळ्या, ढोल, कोण काय आणणार. दरम्यानच्या चार दिवसांत मी दोनदा वसंताकडे जाऊन न सांगताच परत आलो. सभेच्या संध्याकाळी अंगण भरलं होतं. जवळजवळ तीच माणसं. गॅलऱ्यांत बायका. पताकांचं बोलणं चाललं असताना दारातून गंगाराम आत आला, मागे सुमन. कुणीतरी म्हणालं, “हा कशाला आला?”

मी उभा राहिलो. म्हणालो, “मी बोलावलंय त्यांना.”

वसंता म्हणाला, “आज? आजच्या दिवशी? काय रे, डोकं ठिकाणावर आहे ना?”

मी बोलायला लागलो. खाली बघून बोलत होतो. माझं मलाच ऐकू येत नव्हतं. गाडी गंगाराम जाधवांनी बिघडवली नव्हती, तार मीच झेंड्याबरोबर आवळली होती, हे सांगून झालं तोवर वसंता उठला होता. त्याने आपल्या वाकड्या मनगटाकडे पाहिलं, मग माझ्याकडे.

“चार वर्षं माझ्या ताटात जेवलास,” तो म्हणाला. एक शिवी दिली आणि जिन्याने वर निघून गेला. त्यानंतर तो माझ्याशी कधी बोलला नाही.

मी तिथेच थांबलो असतो. पण मागून, दाराजवळून, गंगारामचा आवाज आला.

“मोठ्याने बोला. वर गॅलरीत बायकांना ऐकू येत नाही. सोयरिकी त्याच मोडतात.”

तो भिंतीला टेकला नव्हता, कुणी दिलेल्या खुर्चीवर बसला नव्हता. सरळ उभा होता, सुमनच्या पुढे अर्धं पाऊल. मी त्याला पाहिलं ते शेवटचं. मी मान वर केली, गॅलऱ्यांकडे तोंड केलं आणि जमेल तेवढ्या मोठ्याने सांगितलं:

“गंगाराम जाधव खबऱ्या नव्हते. कधीच नव्हते. मी खोटं बोललो. ते खोटं आहे हे मला कळलं, तरी मी सांगितलं नाही, आणि चार वर्षं लोकांना तेच बोलत राहू दिलं. मी त्यांची माफी मागतो. त्यांच्या मुलीची माफी मागतो.”